जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण: प्रवेशाची आणि पैशाची तयारी एकाच वहीत

जर्मनीतील सरकारी विद्यापीठात एमएस करायला निघालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी बहुधा दोन कामे दोन निरनिराळी माणसे करीत असतात. विद्यार्थी विद्यापीठांच्या याद्या, आयईएल्टीएस आणि अर्ज यांत गढलेला असतो, तर वडीलधारी मंडळी ‘आधी प्रवेश मिळू दे, मग पैशाचे बघू’ असे म्हणून थांबलेली असतात. प्रवेशपत्र पुष्कळदा जून-जुलैमध्ये हाती येते, सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते, आणि मधल्या तीन महिन्यांत कर्ज, ब्लॉक्ड अकाउंट (पहिल्या वर्षाच्या राहणीखर्चाची रक्कम आधीच जमा करून ठेवायचे खाते) आणि व्हिसा ही तिन्ही कामे उरकायची असतात. गेली काही वर्षे ओळखीच्या घरांतील अशा फायली माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडल्या जात आहेत. गुण कमी म्हणून अडलेल्या फायली मी थोड्या पाहिल्या, पण पैशाची तयारी उशिरा सुरू झाल्यामुळे अडलेल्या पुष्कळ पाहिल्या. म्हणून या लेखात प्रवेश आणि पैसा ही दोन प्रकरणे वेगळी न काढता ज्या क्रमाने प्रत्यक्ष करावी लागतात त्याच क्रमाने मांडली आहेत. सारे विवेचन महाराष्ट्रातून जर्मनीला पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यापुरते आहे.

पहिली पायरी: ‘फुकट शिक्षण’ म्हणजे नेमके काय ते समजून घ्या

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क नसते. दर सत्राला एक वर्गणी भरावी लागते, जी शहरानुसार साधारण १०० ते ४०० युरोंच्या दरम्यान असते आणि तिच्यात पुष्कळ ठिकाणी प्रवासाच्या पासाचाही समावेश असतो. या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग येथील सरकारी विद्यापीठांत, युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १,५०० युरो घेतले जातात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सत्रामागे ४,००० किंवा ६,००० युरो शुल्क लागू केले आहे. चार सत्रांचा विचार केला तर हा फरक घरच्या हिशोबात लाखांनी मोजावा लागतो, त्यामुळे यादी करतानाच प्रत्येक विद्यापीठासमोर शुल्काचा रकाना ठेवावा.

खासगी विद्यापीठांचे गणित अगदी वेगळे आहे. तेथे वर्षाला दहा हजार युरोंहून अधिक शुल्क असणे नेहमीचे आहे, प्रवेशाच्या अटी सैल असतात आणि आपल्याकडील सल्लागार संस्थांना प्रवेशामागे मोबदला मिळतो. सरकारी विद्यापीठे असा मोबदला देत नाहीत. सल्लागार ‘आमची फी काही नाही’ असे सांगून सात नावांची यादी पुढे करीत असेल, तर त्यांपैकी किती विद्यापीठे सरकारी आहेत हे सर्वांत आधी विचारावे. सरकारी विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची माहिती डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम तेथे वेगळे काढता येतात. या शोधासाठी कोणालाही पैसे देण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: आपले गुण त्यांच्या मापाने मोजा

जर्मन श्रेणीत १ ही सर्वोत्तम आणि ४ ही किमान उत्तीर्ण श्रेणी असते, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला. आपल्या गुणांचे रूपांतर ‘सुधारित बव्हेरियन सूत्रा’ने करतात: सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, त्या वजाबाकीला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांमधील फरकाने भागावे, आलेल्या उत्तराला तीनने गुणावे आणि त्यात एक मिळवावा. समजा, दहापैकी ७.६ सीजीपीए आहे आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान ४ लागतात. दहातून ७.६ गेले, उरले २.४, त्याला सहाने भागले, आले ०.४, तीनने गुणले, झाले १.२; एक मिळवला की श्रेणी २.२. हाच हिशोब ६२ टक्के आणि ४० टक्के उत्तीर्ण मर्यादा धरून केला तर श्रेणी २.९ येते. पुष्कळ अभ्यासक्रम २.५ ही मर्यादा ठेवतात. ही बेरीज-वजाबाकी वहीत एकदा केली की कोणत्या दारावर थाप द्यायची आणि कोठे अर्जाचे पैसे वाया जातील हे बरेचसे उघड होते.

गुणांपेक्षाही जास्त अर्ज ज्या कारणाने फेटाळले जातात ते म्हणजे विषयांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. जर्मन विभाग पदवीचे नाव पाहून थांबत नाही. गणिताचे इतके श्रेयांक, यामिकीचे इतके, प्रोग्रॅमिंगचे इतके अशी अट असते आणि ती पूर्ण न झाल्यास ९ सीजीपीए असूनही नकार येतो. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन डेटा सायन्सला अर्ज करणाऱ्यांना हा अनुभव हटकून येतो. म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रवेशनियमांची मूळ पुस्तिका वाचावी. ती जर्मनमध्ये असली तरी भाषांतर करून वाचावी आणि आपल्या चार वर्षांच्या विषयांचा तक्ता तिच्याशी ताडून पाहावा. विषयाचे नाव, तासिका, श्रेयांक आणि चार ओळींत आशय असा तक्ता आपल्या विद्यापीठाच्या छापील अभ्यासक्रमावरून तयार करावा लागतो. दोन-तीन रविवार जातील, पण हाच तक्ता पुढे प्रत्येक अर्जाला जोडता येतो.

अर्ज किती करावेत याविषयी माझे मत सहा ते आठ असे आहे. वीस अर्ज करणारा विद्यार्थी वीसही पुस्तिका वाचत नाही.

तिसरी पायरी: कागद, आणि कागदावरचे नाव

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची एक खास अडचण आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात आणि ‘नाव’ या रकान्यात कधी फक्त स्वतःचे, तर कधी वडिलांच्या नावासह दोन्ही नावे असतात. विद्यापीठाच्या पदवीपत्रावर काही वेळा आईचेही नाव येते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त होणे तर घरोघरी आढळते. सर्व कागद टेबलावर ओळीने मांडा आणि पासपोर्टवरील नाव प्रमाण धरून एकेक कागद तपासा. केवळ क्रमाचा फरक चालून जातो. स्पेलिंगचा फरक असेल तर विद्यापीठाकडून किंवा बोर्डाकडून दुरुस्ती करून घ्यावी. या दुरुस्तीला महिने लागू शकतात, त्यामुळे हे काम शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच हाती घ्यावे. अर्ज, परीक्षा आणि बँक या सर्व ठिकाणी पासपोर्टवर आहे तसेच नाव लिहावे.

दहावी, बारावी, प्रत्येक सत्राचे गुणपत्रक, एटीकेटी असल्यास त्या प्रयत्नाचेही गुणपत्रक, ट्रान्सक्रिप्ट, आणि पदवीपत्र किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र हा मूळ संच झाला. अनुत्तीर्ण प्रयत्नांची गुणपत्रके लपवू नयेत. एकत्रित ट्रान्सक्रिप्टवर ती दिसत नसली तरी तपासणीत मागितली जातात आणि तेव्हा ती नसणे जास्त महागात पडते. अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का मारून देतो असे सांगणारे दलाल भेटतील. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने मान्यता दिलेली नाही, त्यामुळे त्या शिक्क्यावर पैसे घालवू नयेत.

त्याऐवजी लागते ते एपीएस प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी ते आवश्यक झाले आहे आणि बहुतेक विद्यापीठे अर्जाच्या वेळीच ते मागतात. दिल्लीतील शैक्षणिक मूल्यमापन केंद्र कागदपत्रांचा खरेपणा तपासून ते देते आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. एकच प्रमाणपत्र कितीही विद्यापीठांना वापरता येते. तपासणीला आठवडे लागतात आणि उन्हाळ्यात गर्दी वाढते, म्हणून पात्र होताच अर्ज करून टाकावा.

चौथी पायरी: तारखा उलट मोजा

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये आणि उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. हिवाळी सत्रासाठी १५ जुलै आणि उन्हाळी सत्रासाठी १५ जानेवारी या सर्वपरिचित तारखा आहेत, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येक अभ्यासक्रम मार्च, एप्रिल किंवा मे महिन्यातच अर्ज बंद करतात. १५ जुलैवर विसंबून राहणाऱ्याच्या यादीतील निम्मी नावे तोवर गळालेली असतात.

ऑक्टोबर डोळ्यांसमोर ठेवला तर त्याच्या आदल्या वर्षाच्या मे-जूनमध्ये काम सुरू करावे. पहिले तीन महिने यादी, विषयांचा तक्ता आणि नावांची दुरुस्ती यांत जातील. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये इंग्रजीची परीक्षा द्यावी. आयईएल्टीएसमध्ये एकूण ६.५ ही सर्वसाधारण अपेक्षा आहे आणि तिचा निकाल दोन वर्षे चालतो. त्याच काळात एपीएस. डिसेंबरपासून अर्ज सुरू होतात. आणि याच डिसेंबरात, प्रवेशपत्र हाती नसताना, वडिलांनी बँकेची पायरी चढायची असते. ते का, हे पुढे सांगतो.

अनेक विद्यापीठे अर्ज थेट स्वीकारत नाहीत, ‘युनि-असिस्ट’ या सामायिक सेवेमार्फत घेतात. तिचे शुल्क एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढील प्रत्येक अर्जाला ३० युरो आहे, म्हणजे पाच अर्जांना १९५ युरो. प्राथमिक तपासणीला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे शेवटच्या तारखेच्या आठ आठवडे आधी कागद तेथे पोहोचलेले असावेत. एखादा कागद कमी असल्याचा निरोप आला तर तो पाठवायला वेळ उरतो, एवढ्यासाठी ही घाई.

या वर्षभरात जर्मन भाषेचे वर्गही सुरू करावेत, अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीतून असला तरीही. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. निघताना ए२ ही प्राथमिक पातळी झालेली असेल तर घर शोधणे, डॉक्टरकडे जाणे आणि पहिली अर्धवेळ नोकरी या तिन्ही गोष्टी सुकर होतात. शिक्षण संपल्यावर नोकरी मिळवताना तर बी१-बी२ ही मधली पातळी नसलेल्यांना फार झगडावे लागते.

पाचवी पायरी: निवेदनपत्र आणि शिफारसपत्रे

‘मला लहानपणापासून यंत्रांचे आकर्षण होते’ या वाक्याने सुरू होणारे निवेदनपत्र निवड समितीने त्या दिवशी बहुधा आधीच दहा वेळा वाचलेले असते. समितीला तीन गोष्टी कळायला हव्यात: तुम्ही आजवर काय केले, या अभ्यासक्रमातील नेमके काय तुम्हाला हवे आहे, आणि त्यानंतर काय करणार आहात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाविषयी लिहिताना कोणते मोजमाप घेतले, काय चुकले, ते कसे दुरुस्त केले हे सांगावे. त्या विभागातील कोणता विषय किंवा कोणती प्रयोगशाळा आपल्या कामाशी जुळते ते नावानिशी लिहावे. जर्मन विभागांना एक-दीड पानाचे, मुद्द्याला धरून असलेले पत्र आवडते. प्रत्येक विद्यापीठासाठी निदान मधला परिच्छेद नव्याने लिहिलाच पाहिजे.

शिफारसपत्राच्या बाबतीत आपल्या महाविद्यालयांत एक रीत पडली आहे: विद्यार्थी स्वतःच मजकूर लिहून आणतो आणि सर सही करतात. त्यामुळे तीन प्राध्यापकांची तीन पत्रे एकाच हातची वाटतात. प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना महिनाभर आधी भेटावे, आपण केलेल्या कामाचे चार मुद्दे लिहून द्यावेत आणि ‘सर, तुमच्या शब्दांत लिहा’ अशी विनंती करावी. विभागप्रमुखांच्या मोघम पत्रापेक्षा ज्यांनी वर्षभर तुमचे काम पाहिले त्यांचे साधे पत्र अधिक वजनदार ठरते.

सहावी पायरी: पैसा

शिक्षणशुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे होत नाही. व्हिसासाठी विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या राहणीचा खर्च आधीच जर्मनीतील ब्लॉक्ड अकाउंटमध्ये जमा करून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि तेथे पोहोचल्यावर ती दरमहा ९९२ युरो अशी हाती येते. युरोचा दर नुसता शंभर रुपये धरला तरी ही रक्कम ११ लाख ९० हजार होते. हे पैसे आपलेच असतात, आपल्यालाच परत मिळतात, पण व्हिसाच्या दिवशी ते खात्यात असले पाहिजेत. बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र त्याची जागा घेत नाही. मंजूर झालेल्या कर्जातून ही रक्कम प्रत्यक्ष पाठवावी लागते. शिष्यवृत्तीचे पत्र किंवा जर्मनीत राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने तेथील परदेशी नागरिक कार्यालयात दिलेली रीतसर हमी हे अन्य मार्ग आहेत, पण बहुतेकांसाठी ब्लॉक्ड अकाउंट हाच मार्ग असतो.

याखेरीज एपीएस, परीक्षा, अर्ज, ७५ युरो व्हिसा शुल्क, विमानाचे तिकीट, आणि घराची अनामत लागते. जर्मन कायद्यानुसार घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो. ती तीन मासिक हप्त्यांत देता येते, पण पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतानाच द्यावा लागतो. भाडे आणि अनामत दोन्हींना ब्लॉक्ड अकाउंटचे ९९२ युरो पुरत नाहीत. म्हणून दीड-दोन हजार युरो वेगळे बाळगावेत, एवढे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

दुसऱ्या वर्षाचा विचार बहुतेक घरे करीतच नाहीत. निवास परवान्याचे नूतनीकरण करताना पुढील काळाचा खर्च कसा चालणार हे पुन्हा दाखवावे लागते. शिवाय चार सत्रांचा अभ्यासक्रम पुष्कळांना पाच-सहा सत्रे घेतो, कारण प्रबंधाचे सत्र लांबते किंवा कंपनीतील इंटर्नशिप मध्ये येते. हिशोब पाच सत्रांचा करावा.

*शिष्यवृत्त्या.* महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या ७५ जागा आहेत. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठीही संबंधित विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत, तसेच मराठा समाजातील विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची योजना आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती, विमुक्त व भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी मिळून १२५ जागा आहेत. तेथे वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये असून विद्यापीठ क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असावे लागते. या सर्व योजनांत क्रमवारीची अट निर्णायक असते. जर्मनीतील उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्था, ज्यांना तेथे नुसते ‘होखशूले’ म्हणतात, नोकरीच्या दृष्टीने उत्तम असूनही त्या क्रमवारीत बहुधा नसतात. शासकीय शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर यादी करतानाच हे लक्षात घ्यावे, नाहीतर चांगल्या संस्थेत प्रवेश मिळूनही शिष्यवृत्ती हातची जाते.

या योजनांच्या जाहिराती कित्येकदा उन्हाळ्यात निघतात आणि निवड यादी यायला वेळ लागतो. जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर हे कागद जाहिरात येण्याआधीच तयार असावेत. आणि निवड होईल असे धरून कर्जाची फाइल थांबवू नये. दोन्ही समांतर चालू द्याव्यात. शिष्यवृत्ती मिळाली तर मंजूर झालेले कर्ज न उचलण्याची मोकळीक असते.

डीएएडीच्या विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीसाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस ही अधिक खुली वाट आहे. तिच्यात महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि अभ्यासक्रम दोन-तीन देशांतील विद्यापीठांत विभागलेला असतो. तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत भरले जातात. जर्मनीत पोहोचल्यानंतर ‘डॉइचलँडश्टिपेंडियम’साठी आपल्या विद्यापीठातच अर्ज करता येतो, ती महिन्याला ३०० युरोंची असते आणि राष्ट्रीयत्वाची अट नसते. मुंबईतील जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देत आहे, आणि के. सी. महिंद्र व नरोत्तम सेखसरिया या संस्था व्याजाविना कर्ज देतात. या तिन्हींचे अर्ज वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत असतात, म्हणून प्रवेशपत्र नसतानाही त्यांच्या तारखा वहीत टिपून ठेवाव्यात. गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजना आहे.

*कर्ज.* कर्ज काढून जर्मनीला शिकायला जाणे आपल्याकडे नवे नाही. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनासाठी गेल्या, तेव्हा सासरे महर्षी कर्वे यांना ते पसंत नव्हते आणि खर्चाची सोय जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जातून झाली होती. आज ते काम बँक करते, पण बँक तारण मागते, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील घरे येथेच अडतात.

वडील सातबारा घेऊन शाखेत जातात. पाच एकर बागायत असते, किंमत कर्जाच्या चौपट असते, आणि तरी अधिकारी कागद परत करतात, कारण ज्या कायद्याखाली बँका तारण जप्त करू शकतात त्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. गावठाणातील वाडवडिलार्जित घरही प्रॉपर्टी कार्ड नसेल किंवा त्यावर आजोबांचेच नाव असेल तर चालत नाही. लागते ते बिगरशेती म्हणजे एनए भूखंड, शहरातील फ्लॅट, मुदतठेव किंवा तत्सम रोख्यांचे तारण. मामाचा किंवा काकांचा फ्लॅटही चालतो, पण मग ते सहकर्जदार किंवा जामीनदार होतात, आणि तो विषय घरात आधी शांतपणे बोलून घ्यावा लागतो. वारसनोंद करणे, हक्कसोडपत्र करणे, बँकेच्या वकिलाकडून मालकीहक्काचा शोध अहवाल, मूल्यांकनकाराचा अहवाल या सगळ्याला दोन-तीन महिने सहज जातात. डिसेंबरात बँकेत जा असे वर म्हटले ते यासाठी. प्रवेशपत्र नसल्यामुळे मंजुरी मिळणार नाही, पण कोणते तारण चालेल, कोणता कागद कमी आहे हे तेव्हाच कळते आणि जुलैमध्ये फक्त प्रवेशपत्र जोडायचे उरते.

सरकारी बँकांच्या प्रचलित योजनेत साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज साधारणतः मालमत्तेच्या तारणाशिवाय मिळते. ब्लॉक्ड अकाउंटलाच बारा लाख लागत असल्याने त्यात भागत नाही. बिगरबँक वित्तसंस्था तारणाशिवाय मोठी कर्जे देतात, त्यांचे काम लवकर होते आणि व्याज जास्त असते. माझा सल्ला असा की तारण असेल तर थोडा त्रास सोसून सरकारी बँकच धरावी. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी महाराष्ट्र राज्य इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेचीही चौकशी करावी. परदेशी शिक्षणासाठी तिची मर्यादा २० लाखांची आहे.

हप्त्याचे गणित सही करण्यापूर्वी कागदावर मांडा. २० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले, तर अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि हप्ते सुरू होण्यापूर्वीचे सवलतीचे एक वर्ष मिळून साध्या व्याजाने ६ लाख साठतात. ते दरमहा भरत गेले तर पुढे दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे २६,४०० रुपये येतो. न भरता मुद्दलात मिळवू दिले तर २६ लाखांवर तो सुमारे ३४,४०० रुपये होतो. सगळी रक्कम एकदम न उचलता लागेल तशी उचलली तर व्याज तेवढे कमी पडते. प्राप्तिकरात या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

पैसे पाठवताना आणखी एक बाब. परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक जो कर आगाऊ कापते त्याची वार्षिक मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपये आहे आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. स्वतःच्या बचतीतून ब्लॉक्ड अकाउंट भरणाऱ्याची रक्कम मात्र ही मर्यादा ओलांडते. आई आणि वडील यांनी आपापल्या खात्यांतून, आपापल्या पॅनवर वाटून पाठवली तर मर्यादा प्रत्येकाची स्वतंत्र असते. कापला गेलेला कर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

सातवी पायरी: व्हिसा

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. अर्ज ऑनलाइन भरून पुढील भेट व्हीएफएस ग्लोबल या व्हिसा-अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात होते. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, प्रवास आणि आरोग्य विमा, निवेदनपत्र आणि शैक्षणिक कागद एवढे मुख्य आहे. निर्णयाला अनेक आठवडे लागू शकतात, त्यामुळे प्रवेशपत्र येताच त्याच आठवड्यात अर्ज भरावा.

पूर्वी नकार आल्यास दूतावासाकडेच विनामूल्य फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या न्यायालयात जाणे एवढेच उरते, आणि सत्र सुरू व्हायला महिना उरलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही परवडत नाहीत. पहिलीच फाइल पूर्ण असली पाहिजे. शिक्षणात दोन वर्षांचा खंड असेल, क्षेत्र बदललेले असेल, तर त्याचे सरळ स्पष्टीकरण निवेदनपत्रात द्यावे. विचारतील तेव्हा सांगू असे म्हणू नये.

आठवी पायरी: पोहोचल्यानंतरचे पहिले आठवडे

घर मिळताच साधारण दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्या नोंदीशिवाय पुढची कामे रखडतात: बँक खाते, ब्लॉक्ड अकाउंट चालू होणे, निवास परवाना. म्हणून पत्ता नोंदवू न देणारी खोली, कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नये. खोली पाहण्याआधी अनामत मागणाऱ्याला पैसे पाठवू नयेत. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते, तेव्हा प्रवेशपत्र मिळाल्याच्या दिवशीच तेथे नाव नोंदवावे. म्युनिकमध्ये ९९२ युरोंत महिना काढणे फार कठीण आहे; केमनिट्स, माग्डेबुर्ग किंवा इल्मेनाऊ येथे तेवढ्यात नीट भागते.

तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा सवलतीच्या दराने, महिन्याला साधारण १४० ते १५० युरोंत मिळतो. तीस पूर्ण झालेल्यांना हा दर मिळत नाही, त्यामुळे नोकरी करून मग शिकायला जाणाऱ्यांनी हा फरक अंदाजपत्रकात धरावा. घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्कही द्यावे लागते, घरात टीव्ही नसला तरी. खोलीसोबती असतील तर ते वाटून घेता येते.

विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा मार्च २०२४ पासून आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची सोयही आहे, आणि विद्यापीठातील सहायकाचे काम मिळाले तर अभ्यासालाही हातभार लागतो. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. तरी पहिल्या सत्रात या कमाईवर विसंबू नये, कारण भाषा, शहर आणि परीक्षापद्धती या तिन्हींची सवय त्याच सहा महिन्यांत करायची असते. दुसऱ्या सत्रापासून आलेल्या पगाराच्या पावत्या, करारपत्र आणि खात्याचे उतारे एका फाइलमध्ये लावत जावे. निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी भेटीची वेळ मिळायला महिने लागतात, तेव्हा परवाना संपण्याच्या तीन-चार महिने आधीच अर्ज करावा, आणि त्या दिवशी हीच फाइल सोबत न्यावी.